मल्लिनाथ कोरे यांचा निकाल

“हे शून्य इथं काय करतंय?” कुलगुरूंनी विचारलं.

मी लिहून नेलेल्या पानांपैकी सहावं पान त्यांच्यासमोर होतं. मृदाशास्त्र विभागाच्या एम.एस्सी. पहिल्या वर्षाच्या निकालांचा तक्ता त्यावर होता. एका रकान्यात परीक्षेला बसलेले, दुसऱ्यात उत्तीर्ण झालेले.

“एक नाही, दोन आहेत सर,” मी म्हणाले. “त्र्याहत्तर आणि चौऱ्याहत्तर. दोन्ही वेळी वर्गात एकच विद्यार्थी होता, आणि तो नापास झाला.”

“दोन्ही वेळी?”

“दोन्ही वेळी. माणूसही तोच.”

डॉ. सोनटक्क्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. २००९ सालचा जानेवारी महिना होता. विद्यापीठांचं मूल्यांकन करणारी समिती बारा दिवसांनी येणार होती. आमच्यासारख्या खासगी संशोधन विद्यापीठाचं सगळं तिच्या शेऱ्यावर अवलंबून. सरकारी विद्यापीठाला वाईट शेरा मिळाला तर पेपरात बातमी येते. आम्हाला मिळाला तर जूनमध्ये विद्यार्थीच येत नाहीत. समितीच्या हातात देण्यासाठी विद्यापीठाचा परिचय आणि इतिहास बारा पानांत लिहायचं काम माझ्याकडं आलं होतं. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची, प्रकाशन विभागात अकरा-अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर. विभाग म्हणजे मी आणि एक लोखंडी कपाट.

“शेटे, असं करा,” सर म्हणाले, “हा तक्ता पंच्याहत्तरपासून सुरू करा.”

“पण विभाग सत्तर साली सुरू झाला.”

“सुरुवातीच्या नोंदी उपलब्ध नाहीत, असं लिहा की.”

सोनटक्के सर मुळात सरळ माणूस. खोटं बोलायची वेळ आली की त्यांचे कान लाल व्हायचे. तेव्हाही झाले होते. मी ‘बरं’ म्हटलं आणि कागद उचलले.

नोंदी अगदी उपलब्ध होत्या. अभिलेख खोलीत, खालच्या फळीवर, हिरव्या कापडी बांधणीच्या निकालवह्या वर्षवार लावलेल्या होत्या. मी फक्त बेरजा आणि नोंदणी क्रमांक उतरवून घेतले होते; दोन्ही वर्षी क्रमांक एकच होता, नाव मात्र पाहिलंच नव्हतं. परत जाऊन त्र्याहत्तरची वही उघडली. एकच ओळ होती. कोरे मल्लिनाथ शिवलिंगप्पा.

मी खुर्चीत बसलेच. कोरे म्हणजे आमचे कोरेअण्णा! रसायन भांडारात बत्तीस वर्षं भांडारपाल होते आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. निवृत्त म्हणजे फक्त पगारापुरते. रोज अकराच्या सुमाराला सायकलवरून यायचे, कारण नव्या भांडारपालाला अजून बाटल्या सापडत नव्हत्या. संशोधन करणारी मुलं मार्गदर्शकांना विचारण्याआधी अण्णांना विचारायची. “अण्णा, टायट्रेशनचा रंग टिकत नाही,” असं कुणी म्हटलं की अण्णा नळीकडं न बघताच सांगायचे, “पाणी कालचं वापरलं असणार.” आणि ते कालचंच असायचं.

हा माणूस दोनदा नापास?

मी त्या ओळीवर बोट ठेवून पुढं वाचलं. लेखी पेपर चार. शून्य, शून्य, शून्य, शून्य. आणि त्यापुढं प्रात्यक्षिक: शंभरपैकी चौऱ्याण्णव. चौऱ्याहत्तरच्या वहीत परत चार शून्यं, आणि प्रात्यक्षिकात शहाण्णव.

दुसऱ्या दिवशी मी भांडारात गेले. अण्णा स्टुलावर बसून जुन्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या नव्यानं लिहीत होते. त्यांचं अक्षर छापल्यासारखं होतं. मी एकदम विषय काढला नाही. म्हटलं, “अण्णा, मला इतिहास लिहायचाय विद्यापीठाचा. तुम्ही पहिल्यापासून पाहिलंय. सांगा की.”

“पहिल्यापासून न्हाई ओ बाई. पहिल्यापासून नानासाहेब.”

नानासाहेब म्हणजे डॉ. नीळकंठ उपळेकर, आमचे संस्थापक. त्यांचा तैलचित्रातला गंभीर चेहरा मी रोज बघत होते; अण्णांनी सांगितलेले नानासाहेब मात्र वेगळेच होते. परदेशात रसायनशास्त्र शिकलेला हा माणूस बासष्ट साली आमच्या वेणेगावात आला. सोलापूर जिल्ह्याच्या कडेचं हे गाव, तिथं बंद पडलेली एक जिनिंग फॅक्टरी होती, तीच त्यांनी प्रयोगशाळेसाठी घेतली. गावाला वाटलं, पुन्हा सरकी निघणार. नानासाहेबांनी आत मातीनं भरलेल्या बरण्या मांडल्या.

“नानासाहेबच सांगायचे, पहिली दोन वर्षं वरच्या तुळयांवरनं कापूस गळायचा,” अण्णा सांगत होते. “चंचुपात्रात पडायचा बघा. मग प्रयोग पहिल्यापासनं. बारीक वजनाचा तराजू आला नव्हता, म्हणून गावातल्या सराफाचा मागून आणलेला. तो सराफ रोज संध्याकाळी येऊन विचारायचा, ‘मातीत काही निघालं का?’ नानासाहेब म्हणायचे, ‘निघालं. चुना निघाला.’ तो बिचारा हळहळून जायचा.”

“आणि ऊर्ध्वपातित पाणी?”

“आंघोळीचा तांब्याचा बंब. त्याला वरनं नळी जोडली. पहिल्या शोधनिबंधातलं सगळं पाणी त्या बंबाचं. पण निबंध छापला तेव्हा नानासाहेबांनी लिहिलं, ‘योग्य त्या उपकरणाने.’” अण्णा हसले. “योग्यच होता की तो. बंब म्हणून उत्तम होता.”

मी भराभर लिहून घेत होते. सत्तर साली पदव्युत्तर वर्गाला मान्यता मिळाली, तेव्हा नानासाहेबांनी अख्ख्या गावाला गूळ-शेंगदाणे वाटले. शिक्षक तिघं. ग्रंथालय एका ट्रंकेत. सोलापुरातून बी.एस्सी. होऊन आलेला मल्लिनाथ कोरे बाहत्तरच्या जूनमध्ये दाखल झाला.

“तुमच्या वर्गात किती जण होते?” मी विचारलं.

अण्णांचा हात चिठ्ठीवर थांबला. “पाच. मग पाऊस गेला. वसतिगृहाची विहीर आटली, खानावळ बंद झाली. दिवाळीपर्यंत चौघं गेले.”

“तुम्ही का नाही गेलात?”

“मला भाकरी करता येत होती.”

“आणि निकाल?”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी कुठं पोहोचले होते ते त्यांना कळलं असावं. “अभ्यास झाला न्हाई. नापास झालो,” ते म्हणाले. “आडनावच कोरे, पेपरही कोरा. पोरं चिडवायची त्या वेळी.” आणि त्यांनी पुढची बाटली ओढली.

तेवढ्यावर मी सोडून दिलं असतं. खरंच दिलं असतं. मला बारा पानं पुरी करायची होती. पण पदव्युत्तर मान्यतेची नेमकी तारीख हवी होती म्हणून तिसऱ्या दिवशी मी मान्यतेची जुनी फाइल काढली. त्यात, आमची संस्था तेव्हा ज्या विद्यापीठाशी संलग्न होती, त्याचं एक पत्र होतं. टंकलिखित, शाई फिकट झालेली. त्यातलं पाचवं कलम मी दोनदा वाचलं. ‘कोणत्याही शैक्षणिक वर्षी प्रथम वर्षाच्या पटावर एकही विद्यार्थी नसल्यास सदर मान्यता त्याच वर्षी आपोआप संपुष्टात येईल.’ खाली सहावं कलम. ‘अनुत्तीर्ण विद्यार्थ्याचे नाव पुढील वर्षी प्रथम वर्षाच्या पटावर राहील; मात्र दोनदा अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास पुन्हा परीक्षेस बसता येणार नाही.’

एकुलता एक विद्यार्थी पास होऊन दुसऱ्या वर्षाला गेला, तर पहिल्या वर्षात कोण उरतं?

त्या संध्याकाळी मी अण्णांच्या घरी गेले. स्टँडमागच्या गल्लीत दोन खोल्या आणि अंगणात कण्हेर. महानंदाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, मला बसवलं आणि न विचारता ताटलीत कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही ठेवलं. अण्णा बाजेवर बसले होते. मी फाइलमधून उतरवून घेतलेली दोन कलमं त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती वाचली नाहीत. त्यांना पाठ असावीत.

“मुद्दाम नापास झालात,” मी म्हणाले.

काकू आत भांडी लावत होत्या, त्यांचा आवाज थांबला.

“टपाल मीच आणायचो,” अण्णा म्हणाले. “वर्गात एकटाच, तर ऑफिसचं कामही करायचो. एप्रिल आला तरी प्रवेशाचा एक अर्ज न्हाई. नानासाहेब रोज म्हणायचे, ‘जूनला येतील रे, येतील.’ मला ठाऊक होतं, कुणी येणार न्हाई. दुष्काळात माती शिकायला कोण येतंय?”

“पण एका पेपरात नापास झाला असता तरी...”

“एका पेपरात गेलं तर पुढच्या वर्गात ढकलायचे. निदान तीन जायला पाहिजेत. म्हटलं, मग चौथ्यानं काय घोडं मारलंय?”

मला हसू आलं. “आणि प्रात्यक्षिक?”

“ते जमलं न्हाई बाई.” त्यांनी आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. “ठरवून गेलो होतो की चुकायचं. पण मातीचा नमुना समोर ठेवला की हात आपोआप बरोबरच चालतात. लेखी परीक्षेत नुसतं पेन खाली ठेवायचं. हातांना खाली ठेवता येत न्हाई.”

“दुसऱ्या वर्षी तर पाऊस झाला होता.”

“झाला. पण गेलेली माणसं पावसाबरोबर लगेच परत येत न्हाईत. त्र्याहत्तरच्या जूनलाही कुणी आलं न्हाई. परत मी एकटा. चौऱ्याहत्तरच्या एप्रिलला पाच-सहा जणांनी नुसती चौकशी केलेली. येतील की न्हाई, नक्की न्हाई. मी पास झालो असतो आणि जूनला कुणी आलं नसतं तर?”

“आणि दुसऱ्यांदा नापास झालात तर परीक्षा कायमची बंद, हे माहीत होतं?”

“ते पत्र मीच तर फाइलला लावलं होतं.”

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

“नानासाहेबांना सांगितलं नाहीत?”

“सांगितलं असतं तर त्यांनी मान्यता जाऊ दिली असती आणि मला पास केलं असतं. त्यांचा स्वभाव तुम्हाला ठाऊक न्हाई. दुसऱ्यांदा निकाल लागला तेव्हा मला बोलावलं. म्हणाले, ‘कोरे, तू माझी दोन वर्षं फुकट घालवलीस.’ मी मान खाली घातली. चार महिने माझ्याशी बोलले न्हाईत. मग एक दिवस भांडाराची किल्ली हातात दिली. म्हणाले, ‘शिकणं जमलं न्हाई, निदान बाटल्या तरी नीट सांभाळ.’ सांभाळल्या.”

मी म्हटलं, “अण्णा, मी हे लिहिणार.”

“अजिबात न्हाई.” ते पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले. “समिती काय म्हणेल? खोटा विद्यार्थी बसवून मान्यता टिकवली म्हणेल. इतक्या लोकांनी चाळीस वर्षं उभं केलंय ते. तुम्ही माझ्या घरची भाकरी खाल्लीय. मी असेतोवर कुणाला सांगायचं न्हाई.”

मी शब्द दिला. तो पाळला. अण्णांना जाऊन आता चार वर्षं झाली, म्हणून आज सांगते आहे.

शब्द दिला तो न सांगण्याचा. पण घरी जाताना माझ्या मनातून ती दोन वर्षं हलेनात. ती गाळायची म्हणजे काय करायचं? ज्या दोन वर्षांवर पुढची पस्तीस वर्षं उभी होती, तीच पानावरून पुसायची? आणि कुलगुरूंचं ऐकलं नाही तर माझी नेमणूक मार्चमध्ये संपत होतीच, ती संपूनच जाणार. घरी आई विचारत होती, पुण्याला अर्ज केलास का म्हणून.

शेवटी मी तक्ता सत्तरपासूनच ठेवला. शब्द एकही वाढवला नाही. फक्त दोन रकाने वाढवले. सगळ्याच वर्षांसाठी लेखी आणि प्रात्यक्षिक यांची सरासरी वेगवेगळी दाखवली. छापखान्याला पानं थेट पाठवली. सरांनी शेवटचं वाचन केलं नव्हतं. त्यांच्यामागं तेव्हा इतकी धांदल होती की परिचयाची पुस्तिका त्यांनी हातात घेतली ती समितीबरोबरच.

समितीत पाच जण होते. अध्यक्ष गोव्याचे डॉ. प्रभुदेसाई, सत्तरीला टेकलेले, किरकोळ अंगाचे, मृदू बोलणारे. मृदू बोलणाऱ्या माणसांची मला जास्त भीती वाटते. दुसऱ्या दिवशी मृदाशास्त्र विभागाची पाळी आली. सभागृहाच्या एका बाजूला जुन्या नमुन्यांचं प्रदर्शन मांडलं होतं, आणि ते मांडायला अर्थातच अण्णांना बोलावलं होतं. ते शेवटच्या बरणीची जागा ठीक करत होते, तोवर समिती आत येऊन बसली. अण्णा भिंतीशी उभे राहिले.

पुस्तिका चाळता चाळता समितीतले एक तरुण सदस्य थांबले. “एकोणीसशे त्र्याहत्तर, एक विद्यार्थी, उत्तीर्ण शून्य. चौऱ्याहत्तर, परत तेच. शंभर टक्के नापास! हा विभाग तेव्हा चालत तरी होता का?”

कुलगुरूंनी पान उघडलं. मग माझ्याकडं पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते, पण या वेळी कारण वेगळं होतं. “ते... त्या काळची परिस्थिती...” ते म्हणाले आणि अडखळले.

“तो विद्यार्थी कोण होता, माहीत आहे का कुणाला?” प्रभुदेसाईंनी विचारलं.

मी गप्प बसले. शब्द दिला होता.

“मी होतो साहेब. मल्लिनाथ कोरे,” भिंतीकडून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. अण्णा दोन पावलं पुढं आले. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात बरणी पुसायचं फडकं.

“तुम्ही? दोनदा नापास झालात?”

“होय साहेब.”

“कशामुळं?”

“अभ्यास झाला न्हाई. चूक माझी. शिकवणारे उत्तम होते.”

तरुण सदस्यांनी हसून कागदावर काहीतरी टिपलं. मला वाटलं, उठून ओरडावं. माझ्याच त्या तक्त्यामुळं या माणसाला पस्तीस वर्षांनी पुन्हा सगळ्यांसमोर नापास व्हावं लागत होतं. मला स्वतःचाच राग आला.

प्रभुदेसाई मात्र अजून पानाकडंच बघत होते. त्यांनी बोट आडवं सरकवलं. “प्रात्यक्षिकात चौऱ्याण्णव,” ते म्हणाले. “पुढच्या वर्षी शहाण्णव. आणि लेखीची सरासरी शून्य. म्हणजे चारही पेपरांत शून्य.” त्यांनी मान वर केली. “कोरे ना तुम्ही? कोरे, मी अडतीस वर्षं पेपर तपासले. ज्याला काही म्हणता काही येत नाही, असा मुलगासुद्धा इथून तिथून आठ-दहा गुण घेऊन जातो. शून्य मिळवणं सोपं नाही.”

अण्णा खाली बघत राहिले.

“त्या साली वर्गात दुसरं कुणी नव्हतं?”

“न्हाई साहेब.”

“चौऱ्याहत्तरच्या जूनला किती आले?”

“सात!” अण्णांची मान एकदम वर आली. चेहरा उजळला. “इंदुमती गरुड, दस्तगीर मुलाणी, बाबूराव हिप्परगी, दोघं देशमाने भाऊ, सरोज वाघचौरे आणि तो लंगडणारा, कुलकर्ण्यांचा विनायक. सातही पास झाले. गरुडबाई तर पुढं इथंच विभागप्रमुख झाल्या.”

“आणि तुम्ही?”

“मला नियमानं पुन्हा परीक्षेला बसता येत नव्हतं.”

“हा नियम तुम्हाला परीक्षेच्या आधी माहीत होता?”

अण्णांना खोटं बोलायचं होतं. ते मला दिसत होतं. ओठ हलले, पण आवाज निघायला वेळ लागला. “होता,” ते म्हणाले.

तरुण सदस्यांचं पेन थांबलं. त्यांनी आधी जे लिहिलं होतं त्यावर हळूच एक रेघ मारली. प्रभुदेसाई उठले. शेजारची रिकामी खुर्ची त्यांनी स्वतःच्या हातानं ओढली, टेबलाशी आणली आणि अण्णांकडं बघून म्हणाले, “सर, बसा.”

अण्णांना कळेना की ते कुणाला म्हणतायत. त्यांनी मागं वळून पाहिलं.

त्यानंतर कुणीही त्या दोन वर्षांबद्दल एक अक्षर विचारलं नाही. अर्धा तास अण्णा त्या खुर्चीत अवघडून, टोकाशी बसले होते. मग प्रभुदेसाईंनी त्यांना बरण्या दाखवायला सांगितलं, तेव्हा कुठं त्यांना मोकळं वाटलं. बासष्ट सालची पहिली माती दाखवताना त्यांनी सराफाची गोष्ट सांगितली आणि अख्खी समिती हसली.

संध्याकाळी सोनटक्के सरांनी मला बोलावलं.

“शेटे, तुम्ही माझं ऐकलं नाहीत.”

“नाही सर.”

“कोरेअण्णांचं काय आहे, मला सांगाल?”

“सांगता येणार नाही सर. शब्द दिलाय.”

ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. “सांगू नका. मला कळायचं ते कळलं,” ते म्हणाले. “मी पंधरा वर्षं या माणसाकडून बाटल्या घेतल्या. एकदाही बसा म्हटलं नाही.” मग माझ्याकडं वळून म्हणाले, “बरं केलंत. पुन्हा करू नका.”

मार्चमध्ये माझी नेमणूक पुढं वाढली. पुण्याचा अर्ज राहिला तो राहिलाच. समितीचा अहवाल एप्रिलच्या शेवटी आला. शेरा चांगला होता. विद्यापीठभर पेढे फिरले. अहवाल इंग्रजीत, शंभरावर पानांचा, सगळा रुक्ष. पण मृदाशास्त्र विभागाच्या परिच्छेदात एक वाक्य होतं. ते उतरवून घेऊन मी अण्णांच्या घरी गेले आणि मराठीत करून वाचून दाखवलं: “विभागाचे १९७३ आणि १९७४ चे निकाल समितीने तपशिलाने पाहिले. ते समितीला समाधानकारक वाटले.”

अण्णांनी ते दोनदा वाचायला लावलं. मग बाजेवर पाय वर घेऊन बसले.

“अण्णा, एकच वाटतं,” मी म्हणाले. “हे नानासाहेबांना कळायला हवं होतं. ते तुम्हाला आळशी समजूनच गेले.”

“कोण म्हणतं?”

“तुम्हीच तर म्हणालात.”

“ते चौऱ्याहत्तरचं सांगितलं मी.” अण्णा म्हणाले. “एकोणऐंशी साली ते अंथरुणाला खिळले. मी दुपारी जाऊन बसायचो, पेपर वाचून दाखवायचो. एक दिवस म्हणाले, ‘पेपर ठेव. त्र्याहत्तरचा पहिला पेपर आठवतो का तुला?’ म्हटलं, आठवतो सर. ‘पहिला प्रश्न काय होता?’ सांगितला. ‘मग आता उत्तर सांग.’”

“म्हणजे त्यांना...”

“कधी कळलं, कसं कळलं, मी विचारलं न्हाई. त्यांनीही सांगितलं न्हाई. मी उत्तर सांगायला लागलो. ते डोळे मिटून ऐकत होते. एक प्रश्न झाला की बोट वर करायचे, म्हणजे पुढचा. चार दुपारी, रोज एक पेपर. मध्ये दमायचे, तेव्हा मी पाणी द्यायचो. चौथ्या दिवशी शेवटचा प्रश्न संपला. बराच वेळ तसेच पडून राहिले. मला वाटलं झोप लागली. मग डोळे न उघडता म्हणाले, ‘क्षारांच्या उत्तरात एके ठिकाणी चुकलास. पण पास.’”

त्यांनी उपरण्याच्या टोकानं नाक पुसलं आणि हसले. “मी आपलं विचारलं, क्लास कुठला, सर? तर म्हणाले, ‘कोरे, हावरटपणा करू नकोस.’”

तेवढ्यात महानंदाकाकू आतून चहा घेऊन आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“पुढचं सांगा की,” त्या अण्णांना म्हणाल्या. त्यांनी मान हलवली, तशी काकूच माझ्याकडं वळल्या. “त्या दिवशी घरी आले ते पेढ्याचा पुडा घेऊन. मला म्हणाले, गल्लीत वाट. सगळ्या बाया विचारायला लागल्या, कशाचे पेढे? घरात पाळणा हलला न्हाई, काही न्हाई. आता मी काय सांगणार?”

“काय सांगितलंत मग?”

काकूंनी पदर सावरला. “म्हटलं, मालक पास झाले.”